मानेवरचा दुसरा पट्टा

सान होसे,
२१ ऑक्टोबर १९८६

तीर्थरूप बाबांस,
निदिआचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

इकडे सर्व क्षेम आहे. तिकडचं क्षेम तुम्ही कळवत नाही, ते मला बसच्या कंडक्टरकडून कळतं. काल शाळेतून परत येताना तो भेटला आणि हसत हसत म्हणाला की तुमचे वडील गुरुवारी नदीत पडले. पाणी छातीपर्यंत होतं म्हणे. तुम्ही कॅमेऱ्याचा ट्रायपॉड डोक्यावर धरून उभे होतात. उसाच्या घाण्यावरच्या माणसांनी दोर टाकला, तर तुम्ही त्याला आधी ट्रायपॉड बांधून दिलात आणि तो काठावर नीट उभा केला जाईपर्यंत स्वतः वर यायला नकार दिलात. कंडक्टरला ही मोठी गंमत वाटली. मला रात्रभर झोप लागली नाही.

बाबा, तुम्ही एकाहत्तर वर्षांचे आहात. वरच्या डोंगरात पाऊस झाला की पेहिबाये नदीचा लोंढा कसा न सांगता येतो, हे लहानपणी तुम्हीच मला शिकवलंत. आता मी तुम्हाला शिकवायचं का?

एक आठवण करून देते. आई गेली, त्यानंतर नवव्या दिवशीची जपमाळेची प्रार्थना संपली होती आणि लोक कॉफी पीत होते. तेव्हा पाद्री अबुंदिओ, मावशी, तुमचा जावई ओल्मान आणि मी अशा चौघांसमोर तुम्ही शब्द दिलात, की नदीवरच्या त्या पट्टेरी वाघबगळ्याचा एक मनासारखा फोटो निघाला की सामान बांधून कायमचं तुमच्याकडे येतो. अटही तुम्हीच घातलीत. वाहतं पाणी दुधासारखं दिसलं पाहिजे, आणि पक्षी असा स्थिर की अंगावरचा पट्टा न् पट्टा मोजता यावा. मला वाटलं, एका फोटोला लागून लागून किती दिवस लागणार? आठवडा? दोन वर्षं उलटून गेली. तुमच्या खोलीला रंग देऊन झाला, तो रंग जुना झाला, परत दिला. ओल्मानने आपले फुटबॉलचे कप तिथून हलवून जेवणाच्या टेबलावर मांडले आहेत. आम्ही कपांच्या मधून एकमेकांना भात वाढतो.

तेव्हा फोटोचं कुठवर आलं, ते स्पष्ट कळवा.

तुमचा लोभ आहेच. तो आणखी वाढवू नका, फक्त नदीपासून चार पावलं मागे सरका.

तुमची,
निदिआ


पेहिबाये,
२ नोव्हेंबर १९८६

चि. निदिआस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पहिली गोष्ट, मी पडलो नाही. दगड सरकला. तीस वर्षं मी स्टेशनमास्तर होतो. रूळ खचला तर ‘ड्रायव्हर पडला’ असं आम्ही कधी लिहीत नसू. त्या कंडक्टरची गाडी मंगळवारी चाळीस मिनिटं उशिरा आली होती, हे त्याने तुला सांगितलं का?

दुसरी गोष्ट. तुझा नवरा विचारत असतो ना, की एका फोटोला दोन वर्षं कशी लागतात, आपण तर वाढदिवसाला मिनिटात सहा काढतो? त्याला सांग की त्याच्या फोटोत आणि माझ्या फोटोत फरक आहे. त्याचं शटर डोळा मिचकावण्याआधी बंद होतं. माझं एक सेकंदभर उघडं राहतं. त्या सेकंदात नदी दोन-चार हात पुढे जाते आणि फिल्मवर तिचं दूध होतं. पण त्याच सेकंदात पक्ष्याने तसूभरही हलता कामा नये. हलला की त्याचंही दूध. ट्रायपॉडचा एक पाय पाण्यात राहिला तरी प्रवाहाने तो थरथरतो आणि सगळंच नासतं. म्हणून तिन्ही पाय कोरड्या दगडांवर हवेत, मधोमध गोट्यांची पिशवी टांगायला हवी, आणि उजेड कमी हवा. आभाळ भरलेलं पाहिजे. कॅमेऱ्याचं छिद्र सगळ्यात बारीक करूनही जास्तीचा उजेड येतोच, त्यासाठी लेन्ससमोर काळी काच लागते. ती इथे मिळत नाही. मी तिची सोय केली आहे.

आता पक्ष्याविषयी. तो रोज त्याच खडकावर येतो. चारी बाजूंनी पाणी उसळत असतं आणि हा मान आत ओढून, एका डोळ्याने माझ्याकडे बघत तासभर उभा. मी त्याचं नाव सेरापिओ ठेवलं आहे. तुझ्या आईला मागणी घालायला गेलो, तेव्हा तुझे आजोबा अगदी असेच उभे होते. तुझ्या मावशीला हे नाव आवडलेलं नाही, कारण वडील तिचेही होते. असो. तर हा सेरापिओ तासभर हलत नाही आणि मी बटण दाबलं की त्याच सेकंदाला मान हलवतो. माझं नशीबच असं आहे. तुझी आई आठव. आपल्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात मी तिला किती वेळा म्हटलं असेल, की बाई, एक सेकंद हात थांबव. ती हो म्हणायची आणि तव्यावरची पोळी उलटायची. एकही फोटो धड आला नाही. सगळे हललेले. ते तू खोक्यात भरून का नेलेस, मला कळलं नाही.

तेव्हा फोटोचं म्हणशील तर अजून नाही. पक्षी सहकार्य करत नाही. मी दिलेला शब्द विसरलेलो नाही.

तिसरी गोष्ट. तुमच्या शहरात पत्ता सांगतात तो ‘जुन्या आंब्यापासून दोनशे मीटर दक्षिणेला’ आणि तो आंबा तोडून बारा वर्षं झाली. आमच्याकडेही पत्ता झाडावरूनच सांगतात, पण झाड निदान उभं असतं. म्हातारपणी माणसाने कुठे राहावं, याचा विचार करताना हेही लक्षात घे.

ओल्मानला आशीर्वाद. कपांना नमस्कार.

तुझा,
बाबा


पेहिबाये,
१० नोव्हेंबर १९८६

चि. निदिआस,
तुझ्या मावशीचा, एर्मेलिंदाचा, पोटभर आशीर्वाद.

पत्र लिहायला बसले, कारण पाऊस चालू आहे आणि भाऊजींवर राग आला आहे. माझा काळा चष्मा तुला आठवतो का? कार्तागोच्या देवीला पायी गेलो होतो, तेव्हा तुझ्या आईने मला घेऊन दिलेला. तो महिनाभर सापडत नव्हता. मी दुकानदाराच्या पोरीवर संशय घेतला, तिच्या आईशी बोलणं टाकलं. काल भाऊजींना कॉफी द्यायला नदीवर गेले, तर त्यांच्या कॅमेऱ्याच्या तोंडावर माझ्या चष्म्याची डावी काच! डिंकाने चिकटवलेली. मी म्हटलं, भाऊजी, ही काय रीत झाली? तर म्हणतात, हळू बोल, सेरापिओ दचकेल. माझ्याच बापाचं नाव घेऊन मलाच गप्प बसवतात.

रोज पहाटे पाचला निघतात. मी सहाला कॉफी घेऊन जाते आणि काठावर उभी राहते. लोंढा आलाच तर ओरडायला कुणी तरी हवं म्हणून. ते मला म्हणतात, उभी राहा, पण ओंडक्यासारखी राहा. तुझी काळजी मला कळते गं. पण बाकी माणूस ठणठणीत आहे, दोन वेळ भात-घेवडा खातो आणि माझ्याशी भांडतो. आजारी माणसाला इतकं भांडणं जमत नाही.

फोटोबद्दल तू मला काही विचारू नकोस. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी कुठलाच फोटो पाहिलेला नाही. असला तरी पाहिलेला नाही.

मायेत अंतर पडू देऊ नकोस, आणि जमलं तर एक काळा चष्मा पाठव.

तुझी मावशी,
एर्मेलिंदा


सान होसे,
२८ डिसेंबर १९८६

तीर्थरूप मावशीस,
निदिआचा शिरसाष्टांग नमस्कार.

काल केळीच्या पानांत तमाल बांधायचे होते, त्यासाठी डुकराचं मांस आणायला आमच्या खाटकाकडे गेले होते. तो मूळचा तुरिआल्बाचा आहे, त्यामुळे तिकडच्या कॉफी संघाचं कॅलेंडर दरवर्षी त्याच्या दुकानात लागतं. नव्या वर्षाचं आलं आहे. मुखपृष्ठावर एक फोटो आहे.

मावशी, मी तीन किलो मांस सांगितलं आणि पैसे न देता, मांस न घेता तिथेच उभी राहिले. मागच्या बायका ओरडायला लागल्या. त्या फोटोत नदी अशी वाहते आहे, जणू कुणी दुधाचं पातेलं कलंडवलं आहे. मधे एक काळा खडक आणि खडकावर वाघबगळा. मान आत, डोळा आपल्याकडे. पट्टा न् पट्टा मोजून घ्यावा. मी मोजलेसुद्धा. खाटीक म्हणाला, बाई, सगळेच बघत राहतात, पण तुम्ही तर सुरीखाली हात ठेवून बघताय.

आणि खाली बारीक अक्षरात छापलं आहे: ‘प्रथम पारितोषिक. छाया: श्रीमती एर्मेलिंदा किरोस, पेहिबाये.’

हार्दिक अभिनंदन! तुला ही कला कधीपासून अवगत झाली? मला आठवतं त्याप्रमाणे तुला गजराच्या घड्याळाला किल्ली देता येत नाही. माझ्या लग्नात तुझ्या हातात कॅमेरा दिला होता, तेव्हा तू तो उलटा धरून स्वतःच्याच पोटाचा फोटो काढला होतास. तो माझ्याकडे अजून आहे.

आता खरं सांग. फोटो कुणी काढला आणि कधी काढला? बाबांना मी अजून काही लिहिलेलं नाही. आधी तुझं ऐकून घेते. पण एक सांगते मावशी, मला फार लागलं. मी इथे दोनदा भिंती रंगवल्या आणि तुम्ही दोघं तिकडे मला हसत होतात?

लोभ ठेव असं आज लिहवत नाही, पण आहे हे तुला माहीत आहे.

निदिआ

ता. क. चष्मा सोबत पाठवते आहे. तो नाकावर ठेव, भाऊजींच्या हाती लागू देऊ नकोस.


पेहिबाये,
६ जानेवारी १९८७

चि. निदिआस,
आशीर्वाद द्यायला तोंड नाही, तरी देते.

तुझं पत्र वाचलं आणि आधी रडले, मग पाद्री अबुंदिओकडे जाऊन पापाची कबुली दिली. ते म्हणाले, एर्मेलिंदा, देवाने माफ केलं, आता भाचीला लिही. म्हणून लिहिते.

फोटो भाऊजींनीच काढला. गेल्या वर्षी फेब्रुवारीत. सकाळी आभाळ दाटून आलं होतं. सेरापिओने एक मोठा मासा गिळला आणि पोट भरल्यावर म्हातारी माणसं बसतात तसा सुस्त उभा राहिला. भाऊजींनी बटण दाबलं. मी काठावर ओंडक्यासारखी होते. तुरिआल्बाहून प्रिंट आली तेव्हा मी टाळी वाजवली. भाऊजींनी मात्र ती टेबलावर पालथी घातली आणि म्हणाले, आता जावं लागणार.

तुला हसत नव्हतो गं. त्यांना तुझ्याकडे यायचं नाही असं नाही, त्यांना इथून जायचं नाही. दोन्हींत फरक आहे. त्या दिवशी ते आणखी एक बोलले. म्हणाले, तीस वर्षं मी निदिआच्या आईला, सोराइदाला, हलू नकोस म्हणून रागावत आलो, आणि आता या पाण्याला नुसतं हलताना बघायला मी पहाटे उठतो. मला रडू आलं. बहीण माझीच ना ती. मग ते म्हणाले हा फोटो लपव, तर मी लपवला. माझ्या पलंगावर सेंट जोसेफची तसबीर आहे, तिच्या पाठीमागे सहा महिने होता.

पण फोटो लपवता येतो, फोटो चांगला आला आहे हे लपवणं भाऊजींना जमेना. रोज दुपारी यायचे आणि म्हणायचे, जरा सेंट जोसेफना उतरव. ऑगस्टमध्ये संघाने स्पर्धा जाहीर केली, तेव्हा त्यांची झोपच उडाली. म्हणाले, तुझ्या नावाने पाठवू, निदिआला काय कळतंय. मी पारितोषिकाला गव्हाचं पीठ मिळेल म्हणून हो म्हटलं. खोटं कशाला बोलू.

पापाची शिक्षा मात्र मला इथेच मिळाली. कॅलेंडर घरोघरी गेलं आणि मी मोठी कलाकार झाले. नाताळला पाद्री अबुंदिओंनी फर्मान काढलं की देवळातल्या गव्हाणीच्या देखाव्याचा फोटो यंदा एर्मेलिंदाबाई काढणार. अकरा पोरं देवदूत झालेली, मेरीमाता, जोसेफ आणि घाण्यावरचं खरं गाढव. भाऊजी पडद्यामागे लपले आणि तिथून मला सांगू लागले, बटण दाब, सोड, आता दाब. देवळात उजेड कमी, म्हणून त्यांनी शटर एक सेकंदावर ठेवलं होतं. पण पोरं ती पोरं. त्या सेकंदात कुणी नाक पुसलं, कुणी शेजारच्याचा पंख ओढला, मेरीमाता शिंकली. फोटो आला तो असा की अकरा देवदूतांच्या जागी अकरा धुक्याचे लोट आणि मधोमध गाढव तेवढं लख्ख, मिशा मोजून घ्याव्या. मला वाटलं आता गाव मला दगड मारणार. तर पाद्री फोटोकडे बघत राहिले आणि म्हणाले की इतकी वर्षं देवदूतांचे फोटो बघतो आहे, पण खरे वाटले ते आजच. आता तो फोटो देवळात लागला आहे आणि तीन लग्नांची आमंत्रणं मला फोटोवाली म्हणून आली आहेत. निदिआ, मला यातून सोडव.

भाऊजींना ठाऊक नाही की तुला कळलं आहे. तू आता काय ते ठरव. शब्द दिला होता हे खरं आहे, आणि फोटो निघाला हेही खरं आहे. तू ये म्हणालीस तर ते येतील. न बोलता येतील, आणि मला त्याचीच भीती वाटते.

माया पातळ करू नकोस.

तुझी अपराधी,
मावशी


सान होसे,
१६ जानेवारी १९८७

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. गेले आठ दिवस मी एका फोटोचा अभ्यास करते आहे.

आमच्या खाटकाकडे कॉफी संघाचं कॅलेंडर आहे. मुखपृष्ठावर मावशीने काढलेला वाघबगळ्याचा फोटो आहे. तुम्ही पाहिला असेलच, एकाच गावात राहता. मावशीचं कौतुक करावं तेवढं थोडं. मी तो कॅलेंडरवाला कागद खाटकाकडून मागून आणला आणि ओल्मानचं पोस्टाची तिकिटं बघायचं भिंग घेऊन टेबलावर बसले. दोन कप बाजूला काढावे लागले.

बाबा, मी भूमितीची शिक्षिका आहे, मला रेघ ओळखता येते. पाणी उत्तम आहे. खडक उत्तम आहे. पण मानेवरचा वरून दुसरा पट्टा हलला आहे. थोडासाच, केसाएवढा, पण हलला आहे. बाकीच्यांना तो दिसणार नाही. मला दिसला.

मावशीच्या हौसेपुरता फोटो ठीक आहे, पण आपल्या करारात तो बसत नाही. तुमची अट होती की पट्टा न् पट्टा स्थिर हवा. उद्या हाच फोटो तुम्ही काढून आणला असतात तरी मी तो स्वीकारला नसता. तेव्हा तुम्हाला अजून तिथेच राहून प्रयत्न करावे लागणार, आणि मी घाई करणार नाही. चांगल्या कामाला वेळ लागतो.

मात्र आता अटी माझ्या. डोंगरावर ढग काळे असतील त्या दिवशी नदीत उतरायचं नाही. कमरेला दोर बांधायचा, आणि तो आधी तुम्हाला, मग ट्रायपॉडला. मावशी काठावर असल्याशिवाय शटर उघडायचं नाही. दर रविवारी किराणा दुकानातून मला फोन करायचा. आणि ईस्टरला आठ दिवस इकडे यायचं, पाहुणे म्हणून. तुमच्या खोलीत तोवर ओल्मानचे कप परत जातील, पण पलंग राहील.

आहे तो लोभ हलू देऊ नये, ही विनंती.

तुमची,
निदिआ


पेहिबाये,
२१ जानेवारी १९८७

चि. निदिआस,
आशीर्वाद. पण रागाने.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. दुसरा पट्टा हलला आहे? कोण म्हणतं? तिकिटं बघायचं भिंग आणि खाटकाकडचा कागद! त्या कागदावर कुणाकुणाची बोटं उमटली असतील. छापखान्याची शाई पसरली असेल, तो दोष छापखान्याचा. ट्रायपॉडला गोट्यांची पिशवी टांगलेली होती. तारेने बटण दाबलं होतं, हात लावला नव्हता. वारा शून्य. सेरापिओ मासा गिळून उभा होता आणि त्याचं पिससुद्धा हललं नाही. मी समोर उभा होतो, माझ्या डोळ्यांनी बघत होतो. म्हणजे एर्मेलिंदा काढत असताना मी शेजारी उभा होतो.

तीस वर्षं माझ्या कामावर कुणी बोट ठेवलं नाही. आणि माझी स्वतःची मुलगी, जिला मी काटकोन शिकवला, ती मला केसाएवढा हलला म्हणते? हा फोटो पेहिबाये नदीवर निघालेला सगळ्यात स्थिर फोटो आहे. मी हे सिद्ध करीन. मूळ निगेटिव्ह माझ्याकडे, म्हणजे एर्मेलिंदाकडे आहे. शनिवारी सकाळच्या बसने ते घेऊन येतो. चांगलं भिंग आण. पट्टा स्थिर आहे हे तुझ्याकडून लेखी घेतल्याशिवाय मी तुझ्या घरचं पाणी पिणार नाही.

बाकी लोभाचं समोरासमोर बोलू.

बाबा


पेहिबाये,
२४ जानेवारी १९८७, शनिवार

चि. निदिआस,
घाईघाईत आशीर्वाद.

हे पत्र मिळेपर्यंत तुझे वडील तिथे पोचलेले नसतील. का, ते सांगते.

आज सकाळी भाऊजी रविवारचा कोट घालून, निगेटिव्ह पाकिटात आणि पाकीट आतल्या खिशात घेऊन बसच्या थांब्यावर गेले. सारखे पुटपुटत होते, केसाएवढा म्हणे, केसाएवढा. मी मागून धावले. तुझं पत्र मला त्यांनी काल रागारागात वाचून दाखवलं होतं. मला वाचताक्षणी कळलं, आणि या एवढ्या हुशार माणसाला कळेना! मी म्हटलं, भाऊजी, समजा तुम्ही तिथे जाऊन सिद्ध केलंत की फोटो पक्का आहे. तर मग? ते म्हणाले, मग काय, तिला मान्य करावं लागेल. मी म्हटलं, आणि फोटो पक्का ठरला की तुम्हाला काय करावं लागेल?

त्यांचा एक पाय बसच्या पायरीवर होता आणि एक जमिनीवर. तसेच उभे राहिले. कंडक्टर म्हणाला, एवेलिओमास्तर, चढताय की उतरताय? आतले लोक हाका मारायला लागले. अगं, इतका वेळ हलले नाहीत की एक सेकंद कसला, मिनिटाचा फोटो निघाला असता, आणि कोटाचं बटण न् बटण मोजता आलं असतं. शेवटी हळूच पाय खाली घेतला. बस गेली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले की पोरगी भूमिती चांगली शिकली आहे.

घरी येईपर्यंत नाक दोनदा शिंकरलं.

तू माझ्या बहिणीची लेक शोभतेस. तुला कडकडून मिठी. माझी ती तीन लग्नं कशी टाळायची, तेवढं सुचव.

मावशी


पेहिबाये,
१ फेब्रुवारी १९८७

चि. निदिआस,
अनेक आशीर्वाद. खरं तर मोजणं सोडलं आहे.

आज सकाळी निगेटिव्ह खिडकीशी धरून चांगल्या उजेडात पुन्हा तपासलं. तू म्हणतेस ते बरोबर आहे. मानेवरचा वरून दुसरा पट्टा किंचित हलला आहे. तीस वर्षांत स्टेशनच्या रजिस्टरमध्ये मी गाडीची एकही वेळ खोटी लिहिली नाही. त्यामुळे हे वाक्य लिहायला मला पाऊण तास लागला, हे तुझ्या लक्षात यावं.

तेव्हा काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागणार. सेरापिओ काही तरुण नाही, मीही नाही आणि नदीला घाई आहे. किती वर्षं लागतील ते सांगता येत नाही. तुझ्या अटी मान्य आहेत. दोर आणला. एर्मेलिंदाने तो मला बांधला आणि दुसरं टोक स्वतःच्या हातात धरून बसली आहे, बैल धरल्यासारखी. फोन दर रविवारी करीन. ईस्टरला येतो. भोपळ्याचा मुरंबा घेऊन येईन आणि कप पुसून देईन.

एक मागणं आहे. तू बुटांच्या खोक्यात तुझ्या आईचे फोटो नेले आहेस. त्यांच्या पाठीमागे माझ्या अक्षरात ‘बिघडला’ असं लिहिलेलं आहे. त्यातला एक चुलीपाशी पोळी उलटतानाचा आहे. त्यात चूल लख्ख आहे, तवा लख्ख आहे आणि तिच्या जागी नुसतं काहीतरी पांढरं वाहतं आहे. तो मला पाठव. पाठीमागचा शब्द तू खोडू नकोस, मी इथे खोडीन.

तुझा,
बाबा